बाबा झोपलेत

दौंड
१२ जानेवारी २००३

चि. करुणास आक्काचा जयभीम.

पाहुणे गेले की घर शांत झालं असं म्हणायची रीत आहे. पण खरं सांगू का, तुम्ही होता तेव्हाच घर शांत होतं.

एक तारखेला कोरेगाव भीमाला भेटलो, तिथून तुम्ही तिघं इकडं आलात, मुक्काम केलात. तेवढ्या दिवसांत तुझ्या सुमेधच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही. अडीच वर्षांचं पोर. पाणी पाहिजे तर पेल्याकडं बोट करतो, नको असेल तर मान हलवतो. आणि निघायच्या दिवशी आमच्या क्वार्टरमागून मालगाडी गेली, इंजिनानं भोंगा दिला, तेव्हा तू आत आवराआवर करत होतीस. सुमेध दारात उभा होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि गाडीला 'शूऽऽ' केलं. तुझे दाजी पोट धरधरून हसले. मी पण हसले. नंतर मात्र ते मनातून जाईना.

आधी वाटलं, ऐकू कमी येत असेल. म्हणून तू कपडे धूत होतीस तेव्हा त्याच्या पाठीमागं डबा वाजवून बघितला. लगेच वळला. नुसतं नाव कुजबुजले तरी वळला. कान चांगले आहेत बाई.

केंदूरला आई म्हणते, आपला महेंद्र पण लहानपणी उशिरानंच बोलायला लागला, काळजी करू नका. असेल. पण आम्हा अंगणवाडीच्या बायकांचं परवा प्रशिक्षण झालं, त्यात हेच शिकवलं. पोर बोलायला लागलं की मग त्याच्याशी बोलू, असं म्हणायचं नसतं, आपण बोललो म्हणून पोर बोलतं. भाकरी थापताना सांग, बघ पीठ घेतलं, बघ पाणी घातलं. कांदा हातात दे, त्याचं नाव सांग. काही विचारलंस तर उत्तराची वाट बघ. त्याला येत नसलं तरी थांबायचं, त्याच्या तोंडाकडं बघायचं. एवढंच करायचं आहे, याला काही पैसा लागत नाही.

करशील ना? कळव.

तुझी
आक्का


रांजणगाव
२८ जानेवारी

ती. आक्कांना करुणाचा जयभीम.

पत्र मिळालं. किराणा दुकानात आलं होतं, यांनी ड्यूटीवरून येताना आणलं आणि चहा पिता पिता मला वाचून दाखवलं. "आक्का आता साऱ्या जगाची मास्तरीण झालीय," म्हणाले आणि हसले. रागावले नाहीत.

सुमेधची तब्येत चांगली आहे. तो मुळातच गरीब आहे हो. इथं चाळीत सगळ्या बायका म्हणतात, असं पोर बघितलं न्हाई, घरात हाय का न्हाई कळत बी न्हाई. आमच्या मालकीणबाई साखरबाई कुणाचं कौतुक करायच्या नाहीत, पण त्या पण म्हणाल्या, भाडेकरू असावा तर असा.

तुम्ही सांगितलं तसं करीन. पण आक्का, एका खोलीत बोलण्यासारखं काय असतं? आता सकाळ झाली, आता संध्याकाळ झाली, एवढंच. मी तशी पहिल्यापासून कमीच बोलते, तुम्हाला माहीत आहे.

दाजींचा खोकला कसा आहे? वाफ घ्यायला सांगा.

तुमची
करुणा


दौंड
२० फेब्रुवारी

चि. करुणा,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं नाही, आणि ते मनात ठेवायचा माझा स्वभाव नाही.

पोर घरात आहे का नाही ते कळत नाही, हे तू मला कौतुक म्हणून लिहिलंस. माझ्या अंगणवाडीत असं पोर आलं की मी आधी त्याच्या आईला बोलावून घेते. तू दहावी झालेली मुलगी आहेस. बोलण्यासारखं काय असतं, असं तू विचारावंस?

आता लिहितेच आहे तर सगळंच लिहिते. इथं आलीस तेव्हा तुझे हात मोकळे होते, एक काचेची बांगडी नव्हती. चेहरा उतरलेला. मी विचारलं तर म्हणालीस, सवय मोडली. माझ्या भावाच्या घरात तुला काय कमी आहे ते मला कळत नाही. महेंद्र दारू पीत नाही, हात उचलत नाही, रात्र रात्र कंपनीत उभा राहतो. बाईनं घरात तोंड मिटून बसायचं ठरवलं तर त्याला तो बिचारा काय करणार? पण तुझ्या अबोल्यात पोराची जीभ जाईल.

माझं ऐक. सुमेधला माझ्याकडं पाठव. आम्हा दोघांना मूलबाळ नाही, घर मोकळं आहे. माझ्याबरोबर अंगणवाडीत येईल, चार पोरांत मिसळेल, बोलायला लागेल. वर्षभराची गोष्ट आहे. महेंद्रला विचार. तो नाही म्हणणार नाही.

आक्का


रांजणगाव
६ मार्च

ती. आक्का,

हे पत्र मी यांना न सांगता टाकतेय. रागावू नका, आणि उत्तरात यातलं काही लिहू नका. तुमची पत्रं आधी त्यांच्या हातात पडतात.

सुमेधला पाठवायचं म्हणाल्यावर हे लगेच हो म्हणाले. "पाठवू की, पोराचं बी भलं, माझी बी झोप व्हईल." तेवढं बोलून झोपले. मी भिंतीला टेकून बसले होते. माझं लेकरू माझ्या मांडीवर होतं, आणि ते जाणार हे ठरून गेलं होतं. म्हणून आज लिहितेय.

कंत्राटी माणसांना कंपनी थर्ड शिफ्टच देते. पहिली-दुसरी पर्मनंट लोकांना. लग्नापासून हे रात्रीच ड्यूटी करतात. सकाळी बस सोडते, भाकरी खातात आणि झोपतात ते चार वाजेपर्यंत. खोली एक, पत्र्याची. उजेड नको म्हणून दार लावायचं, खिडकीला गोधडी लावायची. त्या अंधारात आम्ही दोघं बसायचं. कुकर लावत नाही, शिटी होते. भांडी घासत नाही. बांगड्या वाजतात म्हणून सकाळी काढून डब्यात ठेवते. आता घालायचीच सवय गेली, ते खरंच सांगितलं होतं मी.

हे वाईट नाहीत, आक्का. कधी ओरडत नाहीत. सुमेध रांगत होता तेव्हा झाकण वाजवायचा, तर हे नुसते उठून बसायचे. डोळे लाल. ते बघूनच माझा जीव जायचा. कारण शेजारच्या खोलीतल्या संपतची कंपनीत प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेली. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, घरी पाव्हणे आले होते, झोप झाली नव्हती. त्याच आठवड्यात हे पण म्हणाले, "आज उभ्या उभ्या डोळा लागला गं. मशीन चालू व्हतं." त्या दिवसापासून मी पोराला गप् करायला लागले. हूं की चूं केलं की तोंडावर हात. "शू, बाबा झोपलेत." माझी दुसरी भाषाच उरली नाही.

आता तो पडला तरी आवाज करत नाही. तोंड उघडतो, डोळ्यांतून पाणी येतं, मग बाबांकडं बघतो. आवाज येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाच सांगतेय.

बाहेर घेऊन बस म्हणाल. साखरबाईचं अंगण मोठं आहे, चिंचेची सावली आहे. आमचं आडनाव ऐकल्यापासून त्यांनी कधी तिथं बसायला सांगितलं नाही. सुमेध एकदा गेला होता तर म्हणाल्या, "तिकडंच खेळ रं बाबा, इकडं न्हाई." पलीकडं रस्ता, कंपनीच्या गाड्या. चार वाजता हे उठतात तेव्हाच पाणी येतं, मग मी नळावर. रात्री जेवण झालं की ड्यूटीआधी यांना जरा पडायचं असतं, की पुन्हा तेच.

तीन खोल्या सोडून बिहारची चार पोरं राहतात. ती पण रातपाळीला, दिवसभर झोपलेली असतात. मी यांना एकदा म्हणाले, तुम्ही तिथं झोपत जा ना. तर म्हणाले, "बायकोनं भाईर काढला म्हनून गावभर व्हईल."

आक्का, मला बोलता येतं. माहेरी मांडवगणला मला सगळे चिमणी म्हणायचे. पण पोराला बोलायला शिकवू की याचा बाप धडधाकट घरी येईल ते बघू? दोन्ही माझ्या एकाच हातात दिलंय. आणि तुम्ही म्हणता, पोर इकडं पाठव.

पाठवू नका म्हणा ना त्यांना. तुमचं ते ऐकतील.

करुणा


दौंड
१८ मार्च

चि. महेंद्र,

आज तुलाच लिहिते. सुमेधला पाठवू नकोस. लेकरू आईजवळच बरं, मी घाईनं बोलले.

पण माझं एक ऐक. घर म्हणजे नुसतं झोपायची खोली नसते. तू रात्रभर राबतोस हे मला मान्य आहे, तुझी झोप महत्त्वाची आहे. पण तुझ्या झोपेपायी एक लेकरू रडायचं विसरलंय. दिवसा त्या बिहारी पोरांच्या खोलीत झोपलास तर तुझी इज्जत कमी होत नाही. लोक काय म्हणतील याचा विचार आपल्या आबांनी केला असता तर तू शाळेत गेला नसतास.

करुणाला काही बोलू नकोस. तिनं मला काहीही सांगितलेलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आक्का


रांजणगाव
२ एप्रिल

आक्का,

हे काय केलंत तुम्ही? बिहारी पोरांची खोली तुम्ही कुठं बघितली होती?

यांनी पत्र मला वाचून दाखवलं नाही. घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "माझ्या घरातलं दौंडला कुणी धाडलं?" मी गप्प. "मी रातीचा काय चैन करायला जातो?" त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. ताट सरकवतात, पाणी संपलं तर तांब्या आपटत पण नाहीत, नुसता पुढं करतात. अगदी सुमेधसारखं.

आता या खोलीत तिघं आहोत आणि कुणीच बोलत नाही.

तुमचा हेतू चांगला होता, मला माहीत आहे. पण काही दिवस पत्र टाकू नका.

करुणा


रांजणगाव
५ मे

आक्का,

जयभीम. मी कधी पत्र लिहीत न्हाई, तुला ठाऊक हाय. हात वळत न्हाई. चुकलं तर समजून घे.

सुमेधला विंचू चावला होता. आता बरा हाय, घरी आणलाय, आधी ते वाच आन् मग बाकीचं वाच.

मागच्या आठवड्यात दुपारची गोष्ट. मी झोपलो होतो. उन्हाळ्यामुळं नळ लवकर येतो म्हणून करुणा पाण्याला गेली. सुमेध कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याजवळ खेळत होता. मला जाग आली ती करुणाच्या ओरडण्यानं. लग्न झाल्यापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. बघतो तर पोर घामानं भिजलेलं, हातपाय गार, ओकलेलं. पायाच्या बोटाला हात लावला की अंग काढून घेत होतं. पोतं सरकवलं तर खाली तांबडा विंचू.

संपतची गाडी घेतली, तिघं बसून शिरूरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला माणूस, लगेच हातात घेतलं. विचारलं, "किती वेळ झाला चावून?" मी म्हणालो, माहीत न्हाई. "घरात कोण होतं?" म्हणालो, मी होतो. "मग तो रडला तेव्हाची वेळ सांगा ना." म्हणालो, रडला न्हाई साहेब. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "तांबडा विंचू चावल्यावर मोठा माणूस गुरासारखा ओरडतो," म्हणाला. मी तिथंच होतो, हात लांबवला असता तर पोराला लागला असता.

मग सलाईनची सुई टोचली. आक्का, सुमेधनं तोंड उघडलं, हे एवढं मोठं. आवाज आला न्हाई. आन् पडल्या पडल्याच मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी झोपलोय का जागा हाय ते बघत होता.

तू पत्रात जे लिहिलं होतंस ते मला तेव्हा कळलं.

व्हरांड्यात करुणा बसली होती. तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, चुकलं माझं. तर ती म्हणाली, "मी बी हात ठेवला त्याच्या तोंडावर. तुमी एकट्यानं न्हाई केलं." चहा आणला, दोघांनी पिला.

परवापासून मी त्या पोरांच्या खोलीत झोपतो. त्यांनी विचारलं, भाभी से झगडा हुआ क्या? म्हणालो, हां, हुआ. हसले. हसू देत.

शिफ्ट बदलून द्या म्हणून सुपरवायझरला भेटलो. म्हणाला, जमत नसेल तर दुसरी माणसं हायेत. तेव्हा ते तसंच राहणार.

करुणाला पत्र टाक. ती तुझ्या पत्राची वाट बघते. मी फोडणार न्हाई.

तुझा
महेंद्र


दौंड
१४ मे

करुणा,

मी तिकडं धावत येणार होते, पण अंगणवाडीचं सर्वेक्षण लागलंय आणि सुट्टी नाही म्हणाले. म्हणून पत्रावर भागवते.

तुला काय वाट्टेल ते लिहिलं मी. तुझ्या मोकळ्या हातांवरून मी तुझी परीक्षा केली. काल वर्गात पोरांची वजनं घेत होते, मागं गलका चालला होता, आणि माझ्याच तोंडून आलं, "गप् बसा रे!" मग लक्षात आलं, दिवसभर मी दुसरं काय म्हणते? खिचडी शिजवायची, रजिस्टर भरायचं, यात एका तरी पोराशी निवांत बोलते का? नाही. आणि तुला उपदेश केला.

तरी सांगायचं ते सांगते, कारण ते खरं आहे. त्याच्याशी बोल. लगेच उत्तर येणार नाही. त्यानं फार दिवस गप्प राहायचं काम नीट केलंय, ते एका दिवसात सुटणार नाही. तू सोडू नको. दमलीस, रडू आलं, तर ते पण त्याला सांग.

तुझी
आक्का


रांजणगाव
९ ऑगस्ट

ती. आक्का,

उत्तराला फार उशीर केला. सांगण्यासारखं काही घडेना म्हणून लिहिलं नाही.

हे पलीकडं झोपायला लागले त्या पहिल्या सकाळी मी खिडकीची गोधडी काढली, दार उघडलं आणि सुमेधला पुढ्यात घेऊन बसले. म्हटलं, आता बोलू. तर घशातून आवाजच निघेना. मी कुजबुजतच होते. हे घरात नाहीत हे माझ्या गळ्याला पटत नव्हतं. "हा कांदा," म्हणाले. तर सुमेधनं दाराकडं बघितलं, मग माझ्या तोंडावर आपला हात ठेवला. मला गप् करत होता, आक्का. मी शिकवलेलं मलाच.

तरी बोलत राहिले. तवा तापला, आता भाकरी टाकू. ही मुंगी साखर न्यायला आली, हिचं घर कुठं असेल? तुम्ही सांगितलं तसं विचारायचं आणि थांबायचं. थांबणंच फार जड जातं हो. समोर ते दोन डोळे आणि मिटलेलं तोंड. जून गेला, जुलै गेला. एक दिवस मी चिडले. "बोल की रे, का जीव घेतोस माझा?" म्हणून ओरडले आणि मग स्वतःच रडत बसले. तुम्ही लिहिलं होतं म्हणून त्याला सांगितलं, आई दमली. तो माझ्या पाठीवर येऊन पडून राहिला. बोलला काही नाही.

यांना मी म्हणाले, झालं तेवढं नुकसान झालं, आता हा असाच राहणार. त्या संध्याकाळपासून नळावर माझ्याऐवजी तेच जायला लागले. चाळीत हसतात, बाप्या मानूस हंडा घेऊन रांगेत. हसतात तर हसतात.

काल सकाळची गोष्ट सांगते. हे आले, जेवले, चादर काखेत मारून निघाले. सुमेधनं मागून त्यांची पँट धरली.

"नग," म्हणाला.

हे हळूच खाली बसले. "काय म्हनलास रं?"

"नग. बाबा नग."

आक्का, आई म्हणाला नाही, पाणी म्हणाला नाही. त्याचा पहिला शब्द हा. यांनी त्याला उराशी धरला. मग म्हणाले, "बाळा, मला झोपाय जायला लागतं. जातो आन् येतो." त्याला ते कळलं, पण पटलं नाही. पँट सोडेना. शेवटी मी त्याची बोटं सोडवली आणि हे गेले. जावंच लागणार ना. शब्द आला, पण तो ऐकायची सोय आमच्याकडं नाही.

मग जो काय ओरडला. "नग, नग, नग!" तांबडालाल झाला, पत्र्याला पाय मारायला लागला. साखरबाई अंगणातून आल्या. "अगं ए करुणा, तोंड दाब की त्याचं! रातपाळीची मानसं झोपल्यात."

माझा हात वर गेला होता, आक्का. सवयीनं. त्याच्या तोंडाजवळ पोचला होता. मी तो खाली घेतला.

"रडू द्या, मावशी," मी म्हणाले.

"काय म्हनलीस?"

"बोलतोय तो. बोलू द्या."

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या पदर झटकून गेल्या. खोली खाली करा म्हणतील का, माहीत नाही.

चार वाजता हे आले तर डोळे तसेच लाल. विचारलं, झोप लागली का? म्हणाले, "कुठली झोप? तीन खोल्या पल्याड ऐकाय येत व्हतं." हसत होते, पण मला संपतची बोटं आठवली. रात्री बसकडं निघाले तेव्हा त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, जपा. "तू त्याला गप् करू नगंस," एवढंच म्हणाले आणि गेले.

रात्रभर मला झोप आली नाही. उजाडल्यावर हे पत्र लिहायला बसले. आज बसला उशीर झालाय. पाऊस आहे, रस्ता खराब आहे, त्यामुळंच असेल. सुमेध उठल्यापासून दारात उभा आहे. नवा शब्द सापडल्यासारखा गल्लीकडं तोंड करून "बाबा, बाबा" करतोय, अख्खी चाळ डोक्यावर घेतलीय. मी त्याला थांबवत नाही. गल्लीतून उत्तर ऐकू आलं की पत्र बंद करते.

आलं. "आलो रं," म्हणतायत.

तुमची
करुणा